न्यूट्रलचा दिवा लागतो, पण सेल्फ फिरत नाही? डायोड तपासा

मोटरसायकल न्यूट्रलमध्ये आहे, हिरवा दिवा लागलाय, तरी क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. (काही मॉडेलमध्ये क्लच दाबावाच लागतो, आधी मॅन्युअल पाहा.) अशा वेळी बॅटरी आणि स्टार्टर मोटरच्या मागे लागू नका. क्लच दाबून सेल्फ फिरतो, म्हणजे ती दोन्ही ठीक आहेत. दिवा लागतो, म्हणजे न्यूट्रल स्विचही ठीक. उरतो तो डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा पार्ट) किंवा त्याची वायर.

स्टार्टर रिले म्हणजे बटण दाबल्यावर स्टार्टर मोटरला करंट जोडणारा स्विच. त्याच्या कॉइलला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) दोन वाटांनी मिळतो: न्यूट्रल स्विचमधून किंवा क्लच स्विचमधून. न्यूट्रलच्या दिव्यालाही अर्थ न्यूट्रल स्विचच देतो. या वायरी थेट जोडल्या, तर गिअरमध्ये क्लच दाबताच दिव्याला क्लच स्विचमधून अर्थ मिळेल आणि तो खोटाच लागेल. डायोड रिलेचा करंट न्यूट्रल स्विचकडे जाऊ देतो, दिव्याचा करंट उलट येऊ देत नाही.

म्हणून गिअरमध्ये क्लच दाबल्यावर न्यूट्रलचा दिवा लागत असेल, तर डायोड शॉर्ट आहे, म्हणजे दोन्ही दिशांनी करंट सोडतोय. हे दुखणं जास्त वाईट, कारण दिव्यावर विसंबून क्लच सोडला की गाडी पुढे उडी मारते. दोन्ही लक्षणं एकदम दिसली, तर डायोड उलटा बसलाय.

चावी बंद करून डायोड सॉकेटमधून काढा. जागेवरच मोजला तर कॉइल आणि बल्बमधून वाट मिळून रीडिंग फसवं येतं. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा: एका बाजूने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट, प्रोब उलटवल्यावर ओएल (OL, म्हणजे करंट जात नाही). दोन्हीकडे ओएल म्हणजे तुटलेला, दोन्हीकडे शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. तीन पायांच्या तुकड्यात बहुधा दोन डायोड असतात. प्रत्येक जोडी तपासा.

मूळ पार्ट मिळाला तर उत्तमच. सुटा लावायचा असेल तर आधी कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. ४ ओहम असेल तर १२ व्होल्टला ३ अँपिअर होतात. तिथे १ अँपिअरचा १एन४००७ टिकत नाही, ६ अँपिअरचा ६ए१० लावा. डायोडवर पट्टी छापलेली बाजू न्यूट्रल स्विचकडे.

काही रिलेंत कॉइललाच समांतर आणखी एक डायोड असतो. बटण सोडताना कॉइलमध्ये उसळणारा व्होल्टेज तो जिरवतो, नाहीतर बटणाचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी जळतात. त्याची पट्टी मात्र पॉझिटिव्हकडे हवी. उलटा जोडला तर सेल्फ मारताच थेट शॉर्ट होऊन फ्यूज उडतो.