एनसीएलमध्ये पीएच.डी. करायचीय? आधी स्वतःचा प्रोजेक्ट समजून घ्या

मी पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, ऑरगॅनिक केमिस्ट्रीवर काम करते आणि पीएच.डी.च्या मुलाखतींनाही बसते. एम.एस्सी.ची मुलं नेहमी नेट या पात्रता परीक्षेबद्दलच विचारतात. म्हणून ते आधी सांगून टाकते.

सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं, एसआरएफ (सिनिअर फेलो) झाल्यावर 42,000. केमिकल सायन्सेसच्या पेपरात सगळा खेळ भाग 'क'चा. 60 प्रश्नांतले 25 सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 वजा. सगळा अभ्यासक्रम वरवर चाळण्यापेक्षा स्पेक्ट्रोस्कोपी, रिअ‍ॅक्शन मेकॅनिझम, ग्रुप थिअरी असे चार-पाच विषय पक्के करा. इंजिनिअरिंगवाल्यांनी नेटऐवजी गेट ही परीक्षा द्यावी. इथे केमिकल इंजिनिअरिंगचाही मोठा विभाग आहे.

पीएच.डी.ची नोंदणी अ‍ॅकसिरकडे, म्हणजे सीएसआयआरच्या प्रयोगशाळांसाठी पदवी देणाऱ्या अकादमीकडे होते. तिथे कोर्सवर्क असतं, शिवाय समाजाच्या, विशेषतः गावाकडच्या एखाद्या प्रश्नावर काही आठवड्यांचा प्रोजेक्टही करावा लागतो. खेड्यातून आलेल्या मुलांनी तो मनापासून करावा. त्यांना तिथले प्रश्न आधीच ठाऊक असतात.

आता मुलाखत. मुलं इथेच अडकतात. समजा, तुमच्या एम.एस्सी. प्रोजेक्टच्या प्रबंधात पदार्थ शुद्ध करण्याबद्दल लिहिलंय, 'सिलिका कॉलम, हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेट 8:2', म्हणजे दोन द्रावकांचं प्रमाण. मी विचारणार, 8:2च का? 'सरांनी सांगितलं होतं' म्हणालात की पुढचं बोलणं अवघड होतं. 'टीएलसीच्या चाचणी-प्लेटवर आमच्या पदार्थाचा आरएफ (ठिपका किती वर चढला ते) 0.3 आला, अशुद्धी 0.5ला होती, म्हणून वेगळं होईल असं वाटलं' एवढं सांगितलंत तरी मला कळतं की या मुलीने प्लेट स्वतः यूव्हीखाली धरून पाहिलीय. यील्ड, म्हणजे हाती आलेलं उत्पादन, 62 टक्के आलं असेल, तर उरलेले 38 कुठे गेले याचाही विचार करून या. आरंभद्रव्य उरलं, की धुताना पाण्यात गेलं? उत्तर चुकलं तरी चालतं, पण विचार केलेला दिसायला हवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तर घाबरू नका. फळ्यावर रचना काढा आणि बाणांनी समजावून सांगा.

गाइड निवडताना त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर वाचा आणि त्यांच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, की गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात. पाच वर्षं त्यांच्यासोबत काढायची आहेत, म्हणून एवढं विचारायला संकोच करू नका.

नेट निघाली नसेल तर प्रोजेक्ट असोसिएटच्या, म्हणजे प्रकल्पावरच्या संशोधन सहायकाच्या, जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर बघत राहा. ही कामं तात्पुरती असतात, प्रकल्प संपला की संपतात. पण एनएमआर, एचपीएलसी अशी तपासणीची यंत्रं हाताळायला मिळतात, आणि पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखं स्वतःच्या हातचं काम गाठीशी जमतं.