तीनशे केबीची फिल्म आणि टाळता येण्याजोग्या इतर चुका

रात्री साडेदहाला दाराची बेल वाजली. भाचा. दुसऱ्या दिवशी कॉलेजचं स्नेहसंमेलन, हातात पेनड्राइव्ह आणि चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद. “मामा, तुझं ते व्हिडिओ एडिटिंगचं केडेनलाइव्ह एकदम भारी आहे. सात मिनिटांची फिल्म आणि फाईल फक्त तीनशे केबी!”

पेनड्राइव्ह लावायच्या आधीच मी कपाळाला हात लावला.

केडेनलाइव्हची प्रोजेक्ट फाईल म्हणजे साधा एक्सएमएल मजकूर. अमुक फोल्डरमधली तमुक क्लिप, बाराव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंत, वर हे शीर्षक, खाली हे संगीत, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. वाण्याला द्यायची यादीच ती. किराणा राहिला दुकानात आणि आमचे चिरंजीव यादी घेऊन स्वयंपाकाला बसले होते.

फाईल उघडल्याबरोबर ४१ क्लिप सापडत नसल्याची लांबलचक खिडकी समोर आली. बऱ्याचशा रूममेटच्या लॅपटॉपवर, काही तिघांच्या फोनमध्ये. रूममेट जागा होता हे नशीब. त्यानं होतं नव्हतं ते पाठवलं, तोवर साडेबारा झाले. केडेनलाइव्हला एक फोल्डर दाखवून शोधायला सांगितलं की ते आतले सगळे उपफोल्डर पालथे घालतं, आणि नाव बदललेलं असलं तरी फाईलच्या हॅशवरून, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेल्या ठशावरून, तिला ओळखतं. ३४ सापडल्या. उरलेल्या सात फोनमधून डिलीट झाल्या होत्या, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडून होत्या, पार पिळून निघालेल्या. त्यांचा हॅशही वेगळा, म्हणून त्या एकेक हातानं जोडल्या. पहाटे तीनला रेंडर लावला, म्हणजे तयार फिल्मची फाईल बनवायला घेतली. फिल्ममधले काही शॉट मधेच धुरकट होतात, ते प्रेक्षकांना फ्लॅशबॅक वाटले म्हणे.

त्या रात्री भाचा तीनदा म्हणाला, “सॉफ्टवेअरच बेकार आहे.” फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायला काही लागत नाही.

माझी सवय सांगतो. कामाला बसायच्या आधी एक फोल्डर करायचा, त्यात व्हिडिओ, आवाज, चित्रं असे तीन कप्पे. सगळं आधी तिथं कॉपी करायचं, मगच केडेनलाइव्ह उघडायचं. फोनची वायर लावून थेट फोनमधली क्लिप ओढायची नाही. आणि दुसऱ्या कुणाला काम द्यायचं असेल तर प्रोजेक्ट मेनूतलं ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ वापरायचं. यादी आणि किराणा एकत्र बांधून मिळतो. कंटाळवाणं आहे, पहिली वीस मिनिटं काहीच केल्यासारखं वाटत नाही. ज्यांना ती वीस मिनिटं जड जातात तेच रात्री साडेदहाला बेल वाजवतात.

आवाज संपादनाच्या ऑडॅसिटीतही पूर्वी हाच घोळ व्हायचा. प्रोजेक्ट फाईल वेगळी आणि आवाजाचे तुकडे शेजारच्या डेटा फोल्डरमध्ये. लोक फोल्डर मागं ठेवून फाईल तेवढी पाठवायचे. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच फाईलमध्ये असतं. पण आवाजातली खरखर काढायचं बटण अजून तिथंच आहे, आणि नवशिके ते इतकं पिळतात की वक्ता घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पंखा बंद करा, माइक तोंडाजवळ घ्या, बोलायच्या आधी पाच सेकंद गप्प बसा. त्या शांततेचाच नमुना नॉइज रिडक्शनला, म्हणजे खरखर काढायच्या त्या बटणाला, द्यायचा असतो.

स्क्रीन आणि कॅमेरा रेकॉर्ड करणाऱ्या ओबीएसमध्ये थेट एमपी४ रेकॉर्डिंग. हे मी स्वतः केलंय. एका व्याख्यानाचं सव्वा तासाचं रेकॉर्डिंग, आभार सुरू झाले आणि लाइट गेली. डेस्कटॉप बंद. फाईल दोन जीबीची, पण उघडेना. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका अगदी शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. ती नसेल तर प्लेअरला काही कळत नाही. तेव्हापासून मी एमकेव्ही हा फॉरमॅटच वापरतो. लाइट गेली तरी तोवरचं हाती राहतं, आणि फाईल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’नं त्याचं एमपी४ करून मिळतं, दर्जा न घसरता. ओबीएस ३०.२ पासून लाइट गेली तरी टिकणाऱ्या हायब्रिड एमपी४ चीही सोय आली आहे. माझा हात मात्र एमकेव्हीवरच जातो.

फोनवरच्या व्हिडिओत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेत असतील तर फोननं फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो बदलता ठेवलाय. केडेनलाइव्ह क्लिप घेताना ‘ट्रान्सकोड करू का’, म्हणजे संपादनाला सोयीच्या फाईलमध्ये बदलू का, असं विचारतं. ‘हो’ म्हणा. खिडकी न वाचता बंद करू नका.

चित्रं करायच्या गिंपमध्ये फक्त जेपीजी ठेवून मूळ एक्ससीएफ, म्हणजे थर शाबूत असलेली कामाची फाईल, फेकून देणं: यावर काय बोलणार? २०१२ च्या २.८ पासून ‘सेव्ह’ आणि ‘एक्स्पोर्ट’ वेगळे केलेत ते याचसाठी. तारीख बदललेला बॅनर पुन्हा पहिल्यापासून करायची हौस असेल तर चालू द्या.

आता माझं लाडकं दुखणं. मंडळाच्या बॅनरवर ‘शुभेच्छा’ आणि ‘लवकर’ हिंदी वळणाच्या श-ल नं छापलेलं दिसलं की माझं जेवण बिघडतं. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हीच रूपं मराठीसाठी ठरवून दिली. अनेक युनिकोड फाँटांत दोन्ही रूपं असतात; मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं नाही तर हिंदी रूप येतं. गिंपच्या टेक्स्ट टूलच्या पर्यायांत तळाशी ‘लँग्वेज’ आहे, तिथं मराठी निवडा. तेवढंही नको असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या, मुक्त परवान्याचा आहे आणि मराठीसाठीच केलाय. जुन्या डीटीपी फाँटातला मजकूर चिकटवून “अक्षरं तुटतात” म्हणणाऱ्यांनी आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

राहिला परवाना. ‘मुक्त’ म्हणजे ‘कुणाचंच नाही’ असं नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्यांपैकी बीवाय असेल तर कर्त्याचं नाव द्यावंच लागतं. एनसी (नॉन-कमर्शिअल) असेल तर धंद्यासाठी वापर नाही, आणि म्हणूनच एनसीवालं साहित्य विकिपीडियाचं चित्र-व्हिडिओ भांडार असलेलं विकिमीडिया कॉमन्स घेत नाही. तिथं व्हिडिओही एमपी४ मध्ये चालत नाही, वेबएमसारख्या मुक्त फॉरमॅटमध्ये बदलून द्यावा लागतो. संगीताचा तुकडा उतरवला की त्याच क्षणी मी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘श्रेय’ नावाच्या साध्या मजकूर फाईलमध्ये कर्ता, दुवा आणि परवाना चिकटवतो. नंतर करू म्हणून ठेवलेली अशी तीन गाणी माझ्याकडे अजून पडून आहेत, कुणाची आहेत ते सापडत नाही आणि वापरताही येत नाहीत.