ग्रास कटरसाठी टू-टी ऑइल कसं निवडावं आणि कसं मिसळावं

पाऊस ओसरला की कोकणातल्या आंब्या-काजूच्या बागांतून ग्रास कटरची घरघर सुरू होते. मशीन घेताना ब्लेड, एचपी, वजन सगळं विचारलं जातं. टू-टी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल मात्र दुकानदार देईल ते! इंजिनाचं आयुष्य तिथेच ठरतं, म्हणून आधी आतलं काम समजून घ्या.

कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. हे पेट्रोल हवेबरोबर आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या कप्प्यात शिरतं, मग सिलिंडरमध्ये. वाटेत पेट्रोलची वाफ होते आणि ऑइलचा ओलावा क्रँकच्या बेअरिंगवर, कनेक्टिंग रॉडच्या टोकांना असलेल्या नीडल (सुईसारख्या बारीक रोलरच्या) बेअरिंगवर बसतो. त्यांना वंगण मिळतं ते एवढंच.

आता डब्याची मागची बाजू वाचा. जासो या जपानी मानकाच्या एफबी, एफसी, एफडी या दर्जांपैकी काहीतरी लिहिलेलं असेल. वंगणाची किमान अट तिन्हींना सारखीच आहे. फरक धूर आणि काजळीत. तरी एफडीच घ्या, कारण त्यात पिस्टनच्या रिंगा स्वच्छ राहतात. बोटीच्या मशीनचं टीसी-डब्ल्यू-३ ऑइल शेजारच्याकडून उसनं आणू नका. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, हवेवर थंड होणाऱ्या कटरची उष्णता त्याला झेपत नाही. मोटारसायकलचं फोर-स्ट्रोक ऑइल तर नकोच. ते जळायला बनवलेलंच नाही, मागे राख ठेवतं.

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलंच धरा. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बुचाने अंदाज नको, मापाची बाटली वापरा. स्वच्छ कॅनमध्ये अर्धं पेट्रोल घ्या, त्यात ऑइल ओता, नीट हलवा, मग उरलेलं पेट्रोल घाला. थेट टाकीत मिसळू नका. थोडं जास्त घातलं तर बेअरिंगला बरंच, असं पुष्कळांना वाटतं. पण त्याने प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरची वाट काजळीने बुजते.

महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण करा. इथेनॉल असलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि त्याने बेअरिंगला गंज धरतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत मशीन चालवा.

नव्या हंगामाआधी प्लग काढून दोरी सावकाश ओढा. हाताला खरखर जाणवली, तर मशीन सुरू न करता मेकॅनिककडून क्रँक तपासून घ्या.