हार्ट अटॅकनंतर रोजचं जगणं पुन्हा कसं सुरू करावं

हॉस्पिटलमध्ये मॉनिटर चालू असतो, हाकेच्या अंतरावर नर्स असते, म्हणून धीर असतो. घरी आल्यावर मात्र छातीत जरा चमकलं तरी माणूस रात्री दचकून उठून बसतो. माझ्या मते अटॅकमधून वाचलेल्या पुष्कळ जणांना पुढे हृदयाच्या कमजोरीहून ही भीतीच जास्त अडवते. ती घालवायची तर क्रमाने, एकेक गोष्ट हाती घ्यावी लागते.

आधी आपलं हृदय कोणत्या स्थितीत आहे ते कळू द्या

डिस्चार्ज कार्ड आणि इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसा. कुठली रक्तवाहिनी बंद होती, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) टाकला का, ईएफ किती, हे विचारून घ्या. ईएफ म्हणजे हृदय एका ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं तो आकडा. निरोगी माणसातही तो साधारण 55 ते 70 असतो, त्यामुळे 45 वाचून ‘निम्मं हृदय गेलं’ असं समजू नका. शिवाय अटॅकमध्ये काही स्नायू मरतो आणि काही नुसता बधिर होतो. हा बधिर भाग पुढच्या काही आठवड्यांत सावरू शकतो. म्हणूनच इको काही काळाने पुन्हा करतात.

पुन्हा दुखलं तर काय करायचं ते आजच ठरवा

एका बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी, क्षणात निघून जाणारी टोच सहसा हृदयाची नसते. छातीभर पसरलेला दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घाम, दम ही लक्षणं मात्र अंगावर काढू नका. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कधी नुसताच दम लागतो किंवा मळमळतं. जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्या, कारण तिने बीपी उतरून चक्कर येऊ शकते. 5 मिनिटांत आराम पडला नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत निघू नका. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. शंका असेल तर दुखणं हृदयाचंच समजायचं.

गोळ्या मनाने बंद करू नका

स्टेंट बसवल्यावर ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी साधारण 12 महिने देतात. मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला, तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. काहींना बीटा ब्लॉकरने (नाडी मंद ठेवणाऱ्या गोळीने) गळून गेल्यासारखं वाटतं, काहींना रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळीने कोरडा खोकला येतो. असा त्रास सांगितला की डोस किंवा गोळी बदलून मिळते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

चालायला लागा

हृदयाचा जखमी भाग भरून यायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, पण तोवर अंथरुणावर पडून राहायचं नसतं. डॉक्टरांनी हो म्हटलं की सपाट जागी 5-10 मिनिटं, दिवसातून दोनदा चाला. जेवल्या-जेवल्या निघू नका. अंगाला झेपलं तर दर एक-दोन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवा. वेग ओळखायची सोपी खूण: चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. वाक्य तुटायला लागलं तर वेग कमी करा. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी मुळातच मंद असते, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा या खुणेवर भरवसा ठेवा. दाब, चक्कर किंवा धडधड जाणवली तर थांबा. पुढे आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत पोचायचं. जवळ कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठी व्यायामाचं केंद्र, असेल तर नक्की जा. तिथे देखरेखीखाली व्यायाम करताना घाम आला, श्वास वाढला आणि काहीच झालं नाही, हा अनुभव भीतीवरचा सगळ्यात चांगला इलाज आहे.

घरच्यांसाठी एक कळकळीचं सांगणं. पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू न देणं हे प्रेमापोटीच होतं, पण त्याने माणूस स्वतःला कायमचा पेशंट समजू लागतो. जे झेपतं ते त्याला करू द्या, हवं तर सोबत चाला.

मनाचंही दुखणं सांगा

अटॅकनंतर साधारण 5 जणांतल्या एकाला नैराश्य येतं. रडू येणं, चिडचिड, कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर उपचार घ्या. नैराश्य अंगावर काढलं की गोळ्या चुकतात, चालणं सुटतं.

शरीरसंबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. दोन मजले जिने दम किंवा दुखणं न होता चढता येत असतील, तर साधारणपणे हरकत नसते. मात्र नायट्रेटची गोळी (जिभेखालची गोळीही सहसा हीच) घेणाऱ्यांनी सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रा) लिंगाच्या ताठरतेसाठीचं औषध कधीच घेऊ नये. बीपी जीवघेणं उतरतं.

तंबाखू, सिगारेट पूर्ण बंद. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. गाडी चालवणं आणि कामावर परतणं हे ईएफ आणि कामाचं स्वरूप पाहून डॉक्टर ठरवतील.

तपासणीला जाताना लिहून न्या

बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांचे आकडे जवळ ठेवा. एलडीएल बहुतेकांना 70 च्या खाली आणायला सांगतात, काहींना 55 च्याही. दोन-तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढलं किंवा पाय सुजले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. आणि ‘बरं आहे’ एवढंच सांगून उठू नका. ‘मागच्या महिन्यात पहिल्या मजल्यावर दम लागायचा, आता दुसऱ्यावर लागतो’ असं नेमकं सांगितलंत, तर डॉक्टरांना गोळ्या आणि व्यायाम दोन्ही तुमच्या मापाने बसवता येतात.