जुन्या टर्बो एस्टेटचा आरपीएम वरखाली, कोड पी०१७१: माझा अनुभव

गाडी २००४ ची टर्बो पेट्रोल एस्टेट (मागे लांब डिकीवाली गाडी), मॅन्युअल, इथे इंग्लंडमध्ये सेकंडहँड घेतलेली. लक्षण असं: सिग्नलला थांबलं की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ६०० ते १,१०० मध्ये डोलायचा, चेक इंजिन दिवा लागायचा आणि कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हायवेवर मात्र गाडी मस्त पळायची.

प्लग बदलले, एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) साफ केला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) धुतली. फरक शून्य. पैसे जात होते आणि डोकं फिरायची वेळ आली होती.

शेवटी ओबीडी रीडरवर (गाडीचे कोड वाचणारं यंत्र) फ्युएल ट्रिम पाहिला, म्हणजे मिश्रण बरोबर ठेवायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +२२ टक्के, २,५०० आरपीएमला फक्त +४. इथेच उत्तर होतं: आयडलला जास्त आणि वेग वाढवल्यावर कमी, तर बहुतेक वेळा थ्रॉटलनंतर कुठेतरी हवा आत खेचली जातेय. दोन्हीकडे जास्त असता तर आधी पेट्रोल पंप तपासला असता.

मग इंजिन थंड असताना एअर फिल्टरनंतरचा पाइप बंद केला, व्हॅक्यूम नळीतून १ पीएसआयच्या आत, म्हणजे अगदी कमी दाबाने, धूर सोडला; गळती असेल तिथून तो बाहेर येतो. मॅनिफोल्डखालून (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) धुराची बारीक रेघ आली. क्रँककेस ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारा) रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला. वरून बोट फिरवलं तर अगदी धडधाकट. पाइप, त्याचा एकमार्गी व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प एकत्रच बदलले, कोड पुसला, इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं.

आता आयडलला ट्रिम +३, आरपीएम ८०० वर स्थिर.