जबड्याच्या एमआरआयला जाण्यापूर्वी करावयाची तयारी

जबड्यातील गाठ कर्करोगाची नसावी असा अंदाज असूनही दंतशल्यचिकित्सक एमआरआय सांगतात, तेव्हा ओपीजीवर (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर) दिसलेल्या काळ्या सावलीच्या आत पातळ द्रव आहे, दाट ऐवज आहे की भरीव ऊती आहे, हे त्यांना पाहायचे असते. हाड किती झिजले आणि दातांची मुळे कुठवर गेली हे सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) अधिक स्पष्ट दिसते. आतल्या ऐवजाचा उलगडा मात्र एमआरआयने चांगला होतो.

म्हणून पहिली तयारी चिठ्ठीची. तीवर नुसते ‘जबड्याचा एमआरआय’ एवढेच नसावे. बाजू, जवळचे दात, सूज कधीपासून आहे, पूर्वी त्या जागी शस्त्रक्रिया झाली आहे का आणि मुख्य शंका कोणती, हे सर्व लिहून घ्यावे. अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या ऊतीची गाठ) आणि केराटोसिस्ट (केराटिनने भरलेली पोकळ गाठ) हे दोन्ही खालच्या जबड्यात अक्कलदाढेमागे आढळतात, एक्स-रेवर पुष्कळदा सारखेच दिसतात, पण त्यांच्या शस्त्रक्रियेची व्याप्ती वेगळी असू शकते. केराटोसिस्टमधील दाट केराटिनमुळे (नखांत असते त्या प्रथिनामुळे) पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते आणि ते ही हालचाल टिपणाऱ्या ‘डिफ्यूजन’ प्रतिमेत उमटते. अमेलोब्लास्टोमात जाड, अनियमित भिंत आणि भरीव भाग असेल तर तो कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, प्रतिमा उजळवणारे औषध) दिल्यावर उजळतो. शंका आधी कळली, तरच रेडिओलॉजिस्ट या प्रतिमा न विसरता घेतात. जुने ओपीजी आणि सीबीसीटीही सोबत न्यावे. चंदगड-आजऱ्याहून कोल्हापुरात येणाऱ्याला घरी राहिलेल्या कागदासाठी परत फिरणे परवडत नाही.

सुईने द्रव काढणे किंवा तुकडा तपासणीला घेणे बाकी असेल, तर शक्यतो एमआरआय आधी व्हावा, कारण सुई किंवा तुकडा घेतल्यानंतरचा रक्तस्राव आणि सूज प्रतिमेत मिसळतात. शिवाय वेगाने रक्त वाहणारी रक्तवाहिन्यांची विकृती असल्यास ती प्रतिमेत काळ्या पोकळ्यांच्या रूपाने आधीच लक्षात येते आणि सुई लावण्यातला धोका टळतो.

यानंतर धातू, आणि जबड्याच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष येथेच द्यावे. दात सरळ करण्यासाठी बसवलेल्या स्टीलच्या तारा आणि ब्रॅकेट गाठीच्या जवळ असतील, तर नेमका हवा तो भाग काळा पडतो व वाकडा दिसतो; त्या तात्पुरत्या काढता येतील का, हे तारीख घेण्यापूर्वीच ऑर्थोडॉन्टिस्टला (त्या तारा बसवणाऱ्या दंतवैद्याला) विचारावे. निघणारी कवळी बाहेर ठेवावी. दाढेत भरलेल्या चांदीचा त्रास सहसा थोडा असतो, टायटॅनियमच्या इम्प्लांटने जवळपासची प्रतिमा काहीशी बिघडते, आणि चुंबकाने धरलेली कवळी असेल तर ते आवर्जून सांगावे. नथ, चमकी, मंगळसूत्र, जोडवी, ताईत, पिना घरीच उतरवून ठेवाव्यात. काजळ-सुरमा लावू नये.

पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट यांची नोंद त्यांच्या कागदपत्रांसह द्यावी, कारण काही उपकरणे एमआरआयला चालतात आणि काही चालत नाहीत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ग्राइंडिंगचे काम केलेल्यांनी, डोळ्यात कधी धातूचा कीस गेला असेल तर तो निघाला असे वाटत असले तरी, ते सांगावेच. अडकलेला लोखंडी कण चुंबकाच्या ओढीने हलून डोळ्याला इजा करू शकतो, म्हणून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला जातो. हा प्रश्न विचारला गेला नाही तरी रुग्णाने स्वतःहून सांगावे.

कॉन्ट्रास्ट लागणार असल्यास मूत्रपिंडाचा जुना विकार, गरोदरपण आणि पूर्वीची ॲलर्जी सांगावी, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्यावा. उपाशी राहायचे की नाही, हे केंद्राला विचारून ठरवावे. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी बोलावे. झोपेचे औषध द्यायचे ठरले तर सोबत माणूस लागतो.

तपासणी साधारण अर्धा-पाऊण तास चालते, आणि चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल (प्रतिमेसाठी संकेत टिपणारे साधन) असते. आवाज मोठा असल्याने कानात बोळे देतात. प्रत्येक सिक्वेन्स (प्रतिमा घेण्याची एक फेरी) सुरू असताना जीभ व जबडा स्थिर ठेवावा आणि गिळायचे असेल तर मधल्या विरामात गिळावे.

निघताना फिल्मवर समाधान न मानता सर्व प्रतिमांची सीडी मागून घ्यावी, कारण शल्यचिकित्सकांना गाठीची कड एकेका छेदातून तपासावी लागते. रिपोर्टमध्ये ‘सौम्य’ असे लिहिले असले तरी तो अंदाजच असतो. तुकड्याची तपासणी सांगितली असल्यास ती रद्द करू नये.