अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटली आणि निपल निवडताना

बारशाच्या भेटवस्तूंत दुधाच्या बाटल्यांचा एखादा संच हमखास असतो, आणि तो बहुधा २५० मिलिलिटरच्या, चित्रे छापलेल्या, जाड बुडाच्या बाटल्यांचा असतो. माझ्या भाचीच्या बाळासाठी असे तीन संच जमले होते; पण ती गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीवर परत जायला निघाली, तेव्हा कामी आली ती फार्मसीतून आणलेली लहान, सरळ, कसलीही नक्षी नसलेली एक बाटली. त्या खटाटोपात एक गोष्ट पटली. बाटली आईच्या स्तनासारखी दिसते की नाही याला फारसा अर्थ नाही. बाळाला तिच्यातून दूध ओढण्यासाठी थोडे श्रम करावे लागतात की नाही, हेच पाहायचे असते.

तत्पूर्वी बाटलीची खरोखर गरज आहे का, हे ठरवावे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळ ते चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदोन दिवसांपुरताच प्रश्न असेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा आपल्याकडच्या जुन्या बोंडल्याने पाजता येते. मात्र बोंडल्याची चोच आतून नीट घासली जाते याची खात्री हवी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. म्हणजे ज्या बाईने आधीची रजा पुरती वापरली, तिचे बाळ ती कामावर जाईल तेव्हा चार महिन्यांचे असते, आणि बाटलीचा विचार मुख्यतः तिला करावा लागतो. जिचे बाळ तोवर सहा महिन्यांचे होणार आहे, तिने थेट उघड्या पेल्याची सवय लावली तर बाटली आणून पुन्हा ती सोडवण्याचा त्रास वाचतो.

बाटली द्यायचीच असेल, तर पहिले तीन ते चार आठवडे तरी थांबावे. या काळात बाळ स्तन नीट तोंडात घ्यायला शिकत असते आणि दुधाची मात्रा बाळाच्या ओढण्यावरून ठरत असते. कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा बाटली पुढे करणेही चुकीचे. निदान दोन आठवडे आधीपासून, दिवसातून एकदा, थोडेसे दूध देऊन सराव करावा.

आता निपलकडे वळू, कारण खरी निवड तिथेच असते. अंगावर पिताना बाळाने तोंड लावताच दूध येत नाही. ते आधी भराभर चोखते, थोड्या वेळाने पान्हा फुटतो, मग चोखणे संथ होते आणि घोट ऐकू येऊ लागतात. पान्हा ओसरला की पुन्हा चोखणे जलद होते. स्तनाग्रही बाळाच्या तोंडात लांबते आणि टाळूच्या कठीण भागाच्या मागच्या टोकापर्यंत पोहोचते. बाटली उलटी धरली की मात्र पहिल्या क्षणापासून दूध आपोआप येत राहते आणि बाळाला ते गिळावेच लागते. म्हणून निपल नेहमी सर्वांत कमी प्रवाहाचे घ्यावे. खोक्यावरच्या ‘०’, ‘१’ किंवा ‘एस’ या खुणांवर विसंबू नये, कारण प्रवाहाचे सर्व कंपन्यांना लागू असे एकच माप नाही. एका कंपनीचे ‘संथ’ निपल दुसरीच्या ‘मध्यम’ निपलाहून जलद निघू शकते. घरी आणल्यावर बाटलीत पाणी भरून ती उलटी धरावी. थेंब थेंब गळाले तर ठीक, धार लागली तर ते निपल बाजूला ठेवावे. वयाप्रमाणे निपल बदलत जावे हा सल्ला अंगावर पिणाऱ्या बाळाला लागू पडत नाही; आईच्या दुधाचा वेग महिन्यागणिक वाढत नाही, मग बाटलीचा का वाढवावा?

प्रवाह जास्त असल्याचे बाळ स्वतःच दाखवते. ओठांच्या कडेने दूध ओघळते, भुवया आक्रसतात, हाताची बोटे फाकतात, श्वास घ्यायला उसंत न मिळता घोटामागून घोट जातो आणि पाच मिनिटांत बाटली रिकामी होते. उलट बाळ जोराने ओढूनही निपल आत चिकटून बसत असेल, ते चिडत असेल किंवा अर्धा तास झाला तरी पिणे संपत नसेल, तर प्रवाह फारच कमी आहे किंवा हवेचे छिद्र बुजले आहे. अशा वेळी तापवलेल्या सुईने भोक मोठे करण्याची जी रीत घरोघरी आढळते, ती कटाक्षाने टाळावी. भोकाची कड फाटते, प्रवाह अनियमित होतो आणि रबराचा कण तुटून बाळाच्या तोंडात जाण्याची भीती असते.

आकाराविषयी माझे मत दुकानदारांच्या मताविरुद्ध आहे. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी म्हणून ते रुंद तोंडाची बाटली दाखवतात. तिचे निपल आखूड असून एकदम पसरट बुडावर बसवलेले असते, त्यामुळे बाळ नुसते टोक ओठांत धरते, कडेने हवा आत जाते आणि तोच उथळपणा ते स्तनावरही करू लागते. टोकापासून बुडापर्यंत सावकाश रुंद होत जाणारे, उतरत्या शंकूसारखे निपल बरे. त्यावर बाळाचे ओठ बाहेर वळलेले राहतात आणि तोंड बऱ्यापैकी उघडे राहते. सिलिकोन आणि लॅटेक्स यांत गोव्याच्या हवेसाठी सिलिकोनच घ्यावे. पिवळसर लॅटेक्स मऊ असते खरे, परंतु उष्णतेने आणि उन्हाने ते लवकर चिकट होते आणि काही बाळांना त्याची ॲलर्जी असते.

बाटलीविषयी फार विचार करायला नको. एक ते सहा महिन्यांचे अंगावर पिणारे बाळ दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. आठ वेळा पाजले तर एका वेळचे सुमारे १०० मिलिलिटर होते. तेव्हा १२० ते १५० मिलिलिटरची बाटली पुरते, आणि मोठी बाटली अर्धी दिसते म्हणून भरण्याचा मोह होत नाही. काच घासायला सोपी आणि वास न धरणारी, पण जड. पाळणाघरात ती नको म्हणतात. प्लास्टिकची घ्यायची तर ती बीपीए (प्लास्टिकमध्ये वापरले जाणारे एक रसायन) नसलेली आणि भारतीय मानक ब्युरोची खूण असलेली असावी. दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहाराविषयीच्या १९९२ च्या कायद्याने ही खूण बंधनकारक केली आहे. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला आणि भेट-सवलतीच्या आमिषांना त्याच कायद्याने मनाई आहे, हे दुकानात कोणी फारच आग्रह करू लागला तर आठवावे. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या बाटल्यांतून कढत पाण्यामुळे प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, असे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले. म्हणून अशा बाटलीत कढत द्रव भरून ती हलवू नये, आणि उकळून काढल्यावर ती गार झाली की वेगळ्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावी.

पोटदुखी होऊ नये म्हणून नळ्या, झडपा आणि चकत्या बसवलेल्या बाटल्या मिळतात. त्यांचा उपयोग होतो याचा पुरावा तोकडा आहे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे जिथे धुतलेला रुमालही तीन दिवस वाळत नाही, तिथे प्रत्येक जादा भाग म्हणजे बुरशीला एक जादा कोपरा. चार भागांहून अधिक नसलेली बाटली घ्यावी. प्यायल्यावर ती लगेच सुटी करून आधी गार पाण्याने विसळावी, मग वेगळ्या भांड्यात साबण आणि ब्रशने घासावी, १० मिनिटे उकळावी आणि स्वच्छ कापडावर उपडी वाळवावी. पावसाळ्यात ती पुरती कोरडी होण्याआधी टोपण लावून कपाटात ठेवू नये. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेली बरी. निपल चिकट, फुगलेले किंवा रंग बदललेले दिसले, अथवा ताणल्यावर चीर दिसली, तर ते त्याच दिवशी टाकावे.

निपल कितीही चांगले असले तरी बाळाला आडवे झोपवून बाटली तोंडात उभी धरली की सगळे व्यर्थ. बाळाला जवळजवळ बसते धरावे, निपल वरच्या ओठाला लावून ते स्वतः तोंड उघडेपर्यंत थांबावे आणि बाटली आडवी ठेवावी, म्हणजे निपल अर्धेच भरते. दहावीस घोटांनंतर बाटली खाली झुकवून विसावा द्यावा, मध्येच कूस बदलावी, आणि बाळाने तोंड फिरवले की उरलेल्या दुधाचा आग्रह सोडावा. एक वेळचे पिणे पंधरा ते वीस मिनिटे चालावे.

बाळ बाटली नाकारते तेव्हा दर आठवड्याला नवी बाटली आणण्याआधी काढून ठेवलेले दूध चाखून पाहावे. काही स्त्रियांच्या दुधाला साठवल्यावर लायपेज नावाच्या विकरामुळे साबणासारखा वास येतो. ते अपायकारक नसते, पण बाळाला आवडत नाही. अशा वेळी दूध काढल्याबरोबर कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून, उकळू न देता, लगेच गार करून ठेवावे. आईचा वास येत असताना बाळ बाटलीकडे पाहतही नाही, तेव्हा पहिले प्रयत्न आजीने किंवा वडिलांनी, आई घराबाहेर असताना करावेत. बाळ भुकेने रडू लागण्यापूर्वी करावेत हेही तितकेच खरे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा वजन न वाढणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते असे सांगतात, पण एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्यांत ३० अंशांहून अधिक उष्मा असतो, म्हणून ते लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. तिथे चार दिवस चालते. दिवाडी बेटावरून फेरीबोटीने आणि पुढे बसने पणजीला कामाला येणाऱ्या बाईने परतीच्या प्रवासासाठी बर्फाच्या पिशव्या असलेला डबा बाळगावा. गोठवलेले दूध वितळल्यावर २४ तासांत संपवावे. दूध कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून तापवावे, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आणि वर आलेली साय हलक्या हाताने गोल फिरवून मिसळावी. उष्टे उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. पाळणाघरात देताना प्रत्येक बाटलीवर बाळाचे नाव आणि दूध काढल्याची वेळ लिहावी, आणि बाटली आडवी धरावी, मध्ये थांबावे, उरले तर जबरदस्ती करू नये, एवढ्या तीन सूचनांची चिठ्ठी डब्याच्या झाकणावर चिकटवावी; तोंडी सांगितलेले तिथल्या बाई बदलल्या की विसरले जाते.